घरात तीन भाषा, सात माणसं आणि शनिवारची रात्र: कुठले ॲक्शन पिक्चर बघायचे, कुठले खेळ मांडायचे?

जांभोटी_रोड

नमस्कार. खानापुरातून लिहितेय. पावसाचं इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको, मिरगाला सुरू झाला की गणपती येईपर्यंत पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा आवाज चालूच, त्यात पोरांना मधनंमधनं पावसाची सुट्टी, अंगणात पाय ठेवायची सोय नाही, आणि सात वाजले की घरातली सात माणसं सात कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली. मला ते बघवेना झालंय. म्हणून आम्ही ठरवलंय की शनिवारची रात्र सगळ्यांनी मिळून काढायची, एका शनिवारी पिक्चर, एका शनिवारी खेळ, आणि मोबाईल सगळे फ्रीजवरच्या टोपलीत.

अडचण भाषेची आहे, ती आपल्या भागातल्या माणसालाच कळेल. सासूबाईंना मराठी वाचता येतं, कन्नड बोलता येतं खरं वाचता येत नाही, इंग्लिशचा प्रश्नच नाही. जाऊबाई धारवाडच्या, मराठी आता आमच्यापेक्षा चांगलं बोलतात पण वाचताना अडखळतात. पोरं इंग्लिश मीडियमची, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ. मामा म्हणजे माझे सासरे लोंढ्याला रेल्वेत होते, त्यांना मारामारीचे पिक्चर मनापासून आवडतात. आणि आम्ही दोघं.

पहिल्या शनिवारी हिंदीत डब केलेला एक पिक्चर लावला, दर पाच मिनिटांनी कोणतरी "काय म्हणाला?" विचारतंय आणि दुसरं कोणतरी सांगतंय, तेवढ्यात पुढचा डायलॉग गेलेला. दुसऱ्या शनिवारी पोरांचा खेळ काढला, त्याची सगळी कार्डं इंग्लिशमध्ये, प्रत्येक कार्ड मुलीनं वाचायचं आणि मग मी सासूबाईंना मराठीत सांगायचं. दोन डाव झाले आणि त्या म्हणाल्या, तुम्ही खेळा, मी भाकऱ्या टाकून घेते. त्या उठून गेल्या ते मला फार लागलं.

तर असे ॲक्शन पिक्चर सांगा जे भाषेवाचून कळतील आणि पोरांसमोर लावता येतील, आणि असे खेळ सांगा ज्यात वाचायला काही नाही. नऊ वर्षांचा आणि सत्तरीचा एका डावात बसला पाहिजे.

निपाणी_नाका

ताई, तुम्ही योग्य जागी हात घातलाय. ॲक्शन पिक्चर हाच असा प्रकार आहे की ज्याला भाषा सगळ्यात कमी लागते, फक्त निवडताना बडबडीचे बाजूला टाकायचे. ज्यात हिरो अर्धा तास सूडाचं भाषण देतो ते तुमच्या घरी चालणार नाहीत.

मी तुम्हाला एकदम जुन्यात घेऊन जातो, नाही म्हणू नका. बस्टर कीटनचा 'द जनरल', साल १९२६. मूकपट आहे, म्हणजे डबिंगचा प्रश्नच मिटला, मधनंमधनं इंग्लिश पाट्या येतात तेवढ्या मुलीनं वाचून सांगायच्या, त्या मोजक्याच आहेत. अख्खा पिक्चर रेल्वे इंजिनाचा पाठलाग आहे! शत्रू इंजिन पळवतो, हा दुसऱ्या इंजिनावरनं मागं लागतो. जळत्या पुलावरनं खरोखरचं इंजिन नदीत पडताना दिसतं, मॉडेल नव्हे, अमेरिकेत ओरेगनमध्ये खरं इंजिन पाडलेलं. तुमचे मामा लोंढ्याला रेल्वेत होते म्हणता, त्यांना हा दाखवाच. दीड तासाच्या आत संपतो, फुकट आणि कायदेशीर बघायला मिळतो.

मग जॅकी चॅन. 'पोलीस स्टोरी' १९८५ चा, शेवटी एका मोठ्या मॉलमध्ये मारामारी आहे आणि तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरनं काचा फोडत खाली येतो, हात भाजले होते त्याचे त्यात. त्याच्या पिक्चरमध्ये खुर्ची, शिडी, सायकल, जे हाताला लागेल त्यानं मारामारी होते, त्यामुळं मार बसला कसा आणि चुकवला कसा हे बारक्या पोरालाही दिसतं. आणि शेवटी नावं येतात तेव्हा फसलेले स्टंट दाखवतात, उठू नका, पोरांना तेच जास्त आवडतं आणि यात खरं लागतं हेही त्यांना कळतं.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) हा भाषेवाचून कळण्यात राजा आहे, सहा ऑस्कर मिळालेत त्याला, त्यात एक एडिटिंगचं. फटाफट कट आहेत तरी डोळे दुखत नाहीत, कारण दिग्दर्शकानं महत्त्वाची गोष्ट कायम पडद्याच्या मध्यभागी ठेवली, डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांना हलता कॅमेरा सोसत नाही म्हणतात, खरं हा माझ्या आईनं एका बैठकीत बघितला. फक्त नऊ वर्षांच्या पोरासमोर नको, अंगावर येणारा आहे, तो झोपल्यावर मोठ्यांनी बघा. आता सेन्सॉरचे नवीन शिक्के आलेत, यूए ७+, १३+, १६+, पोरांसाठी पिक्चर निवडताना ते बघत जा, बरंच काम सोपं होतं.

तिसरं_गेट_टिळकवाडी

खेळांचं मी सांगतो. आम्ही चार-पाच मित्र गेली सहा वर्षं घरी खेळतोय आणि आमच्यातही दोघे कन्नडवाले आहेत, त्यामुळं हा प्रश्न आम्ही पहिल्याच महिन्यात सोडवलेला.

डब्यावर काय लिहिलंय ते बघू नका, पत्त्यांवर आणि फरश्यांवर अक्षरं आहेत का तेवढंच बघा. नियमाचं पुस्तक इंग्लिश असलं तरी चालतंय, ते एकानं आधी वाचून ठेवायचं, खेळताना कोणाला वाचायला लागू नये एवढीच अट.

पहिला घ्या 'कार्कासोन'. २००० साली जर्मनीत आला, ७२ चौकोनी फरश्या, अक्षर एकही नाही. आपली पाळी आली की एक फरशी उचलायची आणि टेबलावरच्या नकाशाला जोडायची, रस्त्याला रस्ता, कोटाला कोट, शेताला शेत, आणि वाटलं तर आपला एक लाकडी माणूस त्यावर उभा करायचा. झालं, एवढाच खेळ. कोट पूर्ण झाला की गुण. शेतात उभ्या केलेल्या माणसाचा, म्हणजे शेतकऱ्याचा नियम पहिले चार-पाच डाव काढूनच टाका, तिथं सगळे गोंधळतात. पाच जणांपर्यंत खेळता येतो, तुम्ही सात आहात तर दोन जोड्या करा, आजी-नातू एका बाजूला, चांगली जमते ती जोडी.

दुसरा 'अझूल'. पोर्तुगालमधल्या रंगीत फरश्यांवरनं सुचलेला खेळ, पाच रंग, प्रत्येकी २०, अशा १०० फरश्या. सासूबाईंना रांगोळीची आवड असेल तर हात लावल्याबरोबर आवडेल बघा. फरश्या प्लॅस्टिकच्या, जड, पावसाळ्यात त्यांना काही होत नाही. चौघांचाच आहे खरं, बाकीच्यांनी जोडी करायची.

'कॅटन' सगळे सुचवतील, १९९५ चा, नाव मोठं आहे, पण मी सुरुवातीला नको म्हणतो. मूळ डबा तिघा-चौघांचाच, आणि त्यात पानांची अदलाबदल करताना वाद होतात. फाशांवर सात पडले की चोर हलवायचा आणि कोणाच्या तरी हातातलं पान काढून घ्यायचं, नऊ वर्षांच्या पोराला ते मनाला लागतं. आमच्याच ग्रुपमधले नवरा-बायको एकमेकांना मेंढीचं पान देईनात म्हणून दोन दिवस अबोला होता.

आणि 'कोडनेम्स' बाहेरनं इंग्लिश घेऊ नका, घरी करा. २५ शब्द पाच बाय पाच मांडायचे, दोन टीम, टीमच्या म्होरक्यानं एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, बाकीच्यांनी ओळखायचं कुठले शब्द आपले. लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे कापा, एका बाजूला मराठी आणि खाली तोच शब्द कन्नडमध्ये लिहा. आम्ही असे दोनशे शब्द केलेत. कुंदा, मांडे, कित्तूर, किल्ला, गाडा, चिखल असले आपलेच शब्द घातले की रंगत वेगळीच. जाऊबाई कन्नड वाचतील, सासूबाई मराठी, पोरांना दोन्ही शिकायला मिळतं.

पत्र्याखाली

मी पण खानापूर तालुक्यातलाच, कणकुंबीच्या बाजूला. पिक्चर कुठला ते नंतर, आधी आवाजाचं सांगतो, कारण पत्र्याखाली बसून ॲक्शन पिक्चर बघणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. बंदूक उडली की कानठळ्या, बोलायला लागले की ओठ हलताना दिसतात नुसते.

त्याचं कारण असं की पिक्चरचा आवाज थेटरच्या पाच-सहा स्पीकरसाठी केलेला असतो, बोलणं मधल्या स्पीकरमधनं येतं, आणि आपला टीव्ही ते सगळं दोन बारक्या स्पीकरात कोंबतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओ किंवा पीसीएम करा, आणि नाइट मोड नाहीतर क्लिअर व्हॉइस असं काहीतरी असतं ते चालू करा. नाइट मोडनं मोठा आवाज दबतो आणि बारका वर येतो. फुकटचा उपाय आहे, मी दोन वर्षं उगाच आवाज वर-खाली करत बसलो होतो.

दुसरं, नवीन टीव्हीत मोशन स्मूदिंग नावाचं एक असतं, ते बंद करा. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, टीव्ही मधे आपल्या मनची चित्रं घालतो आणि मग कुठलाही पिक्चर रोजच्या सीरियलसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. मारामारीचा जोरच जातो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा म्हणजे हे आपोआप बंद होतं.

कन्नडमध्ये डब केलेले पण बघा जाऊबाईंसाठी, आधी कित्येक वर्षं कन्नडमध्ये डबिंग होतच नव्हतं, आता बरेच मिळायलेत.

शहापूरची_आक्का

तिसरं गेट, तुम्ही छान सांगितलंत बाळा, खरं तिला तीन हजाराचा डबा घ्यायला लावायच्या आधी घरातला खेळ कसा विसरलात?

बाई गं, चौकाबारा मांड. तुझ्या सासूला येत असणार, विचारून बघ. फरशीवर खडूनं पाच बाय पाच पंचवीस घरं काढायची, चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली. चार कवड्या. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून अर्धे करून घे, एक बाजू पांढरी एक काळी. चौघांना चार-चार सोंगट्या, एकाचे चिंचोके, एकाचे बांगडीचे तुकडे, एकाचे खडे, एकाची बटणं. जेवढ्या कवड्या उताण्या तेवढी घरं चालायचं, चारी उताण्या पडल्या तर चार म्हणजे चौका, चारी पालथ्या पडल्या तर आठ म्हणजे बारा, आणि चार-आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. फुलीच्या घरात बसलेल्याला कोण मारू शकत नाही. आणि महत्त्वाचं, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात शिरता येत नाही, त्यामुळं गरीब माणसाला पण मारावं लागतंच. तुम्ही पोरं ज्याला ॲक्शन म्हणता ती यात भरपूर आहे.

मराठीवाले कन्नडवाले सगळे हा खेळतात, नाव पण तेच. महाराष्ट्रात चल्लस-आठ म्हणणारे पण आहेत. आमच्या वाड्यात दगडी कट्ट्यावरच घरं कोरलेली होती, बसून बसून दगड गुळगुळीत झालेला, दुपारी बायका आणि रात्री पुरुष खेळायचे. वाडा पाडला तेव्हा मी तो दगड मागितला होता, मिळाला नाही.

आणि सावंतवाडीला कधी आंबोलीवरनं गेलीस तर राजवाड्यात गंजिफा बघून ये, पोरांना दाखव. गोल पत्ते, लाखेचं काम केलेले, दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा. मत्स्य, कूर्म, वराह चित्रावरनंच ओळखायचे, वाचायचं काही नाही. त्यांना पण हाच प्रश्न पडला असेल.

कॅम्प_कॅरम

आक्कांना नमस्कार. कॅरम राहिलाच की. पण पावसाळ्यात बोर्ड उभा करून भिंतीला टेकवू नका, वाकतो, आणि ओल धरली की स्ट्रायकर मधेच थांबतो. सपाट ठेवायचा, वर जुनी चादर, खेळायच्या अर्धा तास आधी वर बल्ब लावून ठेवायचा, क्लबात बोर्डावर दिवा टांगलेला असतो त्याचा उजेडासाठी आणि या कामासाठी असा दुहेरी उपयोग होतो. पावडर चिमटीभरच. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, याला कुठली भाषा लागते?

पत्त्याच्या खेळांना प्लॅस्टिकची पाकिटं घालून घ्या, एक-एक पानाला. आणि बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या डब्यात टाका. आमचा एक चांगला खेळ जुलैत बुरशी येऊन गेला, अजून जीव हळहळतो.

ऑनलाइन घेताना किंमत फारच कमी दिसली तर थांबा. मी एकदा निम्म्या किमतीत बघून मागवला, नकली निघाला, फरश्या पापडासारख्या पातळ, मागची छपाई एका बाजूला सरकलेली, म्हणजे पालथी फरशी बघूनच कळायचं कुठली आहे. खेळच संपला. विकणाऱ्यानं परत घेतला नाही.

जांभोटी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन शनिवार झाले म्हणून लिहितेय.

पहिल्या शनिवारी 'द जनरल' लावला. नाइट मोड, स्मूदिंग बंद, सगळं सांगितल्याप्रमाणे. खरं तर मूकपट म्हटल्यावर मुलानं तोंड वाकडं केलेलं. पहिली दहा मिनिटं तो गादीवर लोळत होता. मग कीटन इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून रुळावरचं लाकूड दुसऱ्या लाकडानं उडवतो ना, तिथं तो उठून बसला आणि शेवटपर्यंत बसूनच.

पण मला सांगायचंय ते मामांचं. ते सुरुवातीला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, हे मला लग्नाला पंधरा वर्षं होऊन माहीत नव्हतं! नुसतं रेल्वेत होते एवढंच माहीत. पिक्चरमधलं इंजिन लाकडावर चालतं, ते बघून म्हणाले, आमचं कोळशाचं, फावडं असं धरायचं, आणि उठून उभे राहून दाखवलं, कमरेत वाकून, एक पाय मागं, हात खालनं वर. कोळसा एका जागी टाकायचा नाही, चारी कोपऱ्यांत पसरायचा. मग त्या पिक्चरमधली ती पोरगी इंजिनात घालायला लाकडं निवडत बसते, भोक पडलेलं एक टाकून देते आणि बारकीशी काटकी आत घालते, तिथं मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, हे असे नवीन पोरं यायची ती पहिल्या दिवशी अशीच करायची म्हणून घरी येऊन सांगायचे. कोणी कोणाला काही भाषांतर करून सांगितलं नाही. पाट्या मुलीनं वाचल्या, पण निम्म्या वेळा तिनं वाचायच्या आधीच सगळ्यांना कळलेलं असायचं.

दुसऱ्या शनिवारी चौकाबारा. आक्का, तुमचं बरोबर होतं, सासूबाईंना येतो, आणि जाऊबाईंना पण, त्या धारवाडला आजीकडं खेळायच्या. नियमात थोडा फरक निघाला, त्यावरनं दोघींचं वीस मिनिटं कन्नडमध्ये चाललेलं, शेवटी जाऊबाईंचा नियम धरला. सासूबाई कवड्या हातात नुसत्या हलवत नाहीत, दोन्ही तळव्यांत धरून कानाजवळ नेतात आणि मग टाकतात. त्या जिंकल्या. 'कार्कासोन' मागवलाय, पूर्ण किमतीत.

एक अडचण आहे. मुलाच्या शेवटच्या घराजवळ पोचलेल्या सोंगटीला आजीनं मारलं तेव्हा तो रडून उठून गेला. आजी म्हणतात, पुढच्या वेळी मुद्दाम सोडते. मला ते पटत नाही आणि त्याचं रडणंही बघवत नाही. काय करावं?

शहापूरची_आक्का

सोडू नका म्हणावं. पोरांना कळतं सोडलेलं. माझ्या आजीनं मला एकदा सोडलेलं, मी त्या दिवसापास्नं तिच्याशी खेळलेच नाही महिनाभर.

तिसरं_गेट_टिळकवाडी

आक्कांशी सहमत. आणि मधनंमधनं असा खेळ मांडा ज्यात सगळे एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. 'पँडेमिक' २००८ चा, चौघांपर्यंत, जगात रोग पसरतोय आणि सगळ्यांनी मिळून तो थांबवायचा, हरले तर सगळे हरले. पत्त्यांवर इंग्लिश आहे, पण मुख्यतः गावांची नावं आणि रंग, आणि पत्ते लपवायचे नसल्यामुळं उघडे ठेवून मुलगी वाचेल. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा पोरगा असाच रडायचा, सगळ्यांबरोबर चार वेळा हरल्यावर एकटं हरायचं पण सोसायला लागलं त्याला. एक काळजी घ्या, मोठ्यांनी त्याची चाल सांगायची नाही. चुकू दे त्याला.

निपाणी_नाका

मामांचं वाचून फार बरं वाटलं. ताई, त्यांना विचारून फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, कॅसलरॉकच्या घाटात इंजिन चढवायचे ते. मीटरगेजवाले आता थोडेच उरलेत.

जांभोटी_रोड

परवाच सुरू केलंय. मुलगाच प्रश्न विचारतो, मी फोन धरते. कालचा प्रश्न होता, फावडं किती किलोचं होतं.